पुरंदरची संमती ग्रामसभेत मागा

पुण्याला नवे विमानतळ हवे, यात वाद नाही. लोहगावच्या सध्याच्या विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे नागरी वाहतुकीला मर्यादा राहणारच. पण त्यासाठी जमीन जाणाऱ्या पुरंदरच्या सात गावांना ज्या रीतीने वागवले गेले, ती रीत चुकीची आहे.

पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी आणि महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचे खानवडी. या पट्ट्यात अंजीर आणि सीताफळ पिकते. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. या गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. त्याला उत्तर मिळाले ते मे २०२५ मध्ये, ड्रोन मोजणीच्या वेळी झालेल्या लाठीमाराने.

नंतर अनेकांनी संमतीपत्रे दिली, हे खरे. परंतु डोक्यावर सक्तीच्या संपादनाची टांगती तलवार असताना दिलेल्या सहीला राजीखुशी कसे म्हणावे? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे. सरकारने वाट धरली १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याची, जिथे हा अडसर नाही. खटकते ते हेच. भूमिहीन मजूर, वाटेकरी, बागेत राबणाऱ्या बाया यांची नोंद सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे मोबदल्याच्या हिशेबात ते येतच नाहीत.

स्थानिक पुढाऱ्यांनीही निवडणुकीपुरता विरोध करू नये. सरकारने सामाजिक परिणामांचा अहवाल तयार करून तो मराठीत, प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा. तोवर ताबा घेऊ नये.