घरच्या साबणाची परीक्षा

वर्धा जिल्ह्यात कुठेही बचत गटांचं प्रदर्शन भरलं की कडुनिंब, हळद, कोरफड अशा साबणाच्या वड्या मांडलेल्या दिसतात. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ आणि ‘जंतुनाशक’ हे दोन शब्द बहुधा असतातच. देवळीतली एखादी आई ती वडी हातात घेऊन विचारते, की पोरांचे हात याने खरंच स्वच्छ होतील का? या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. गावच्या बायकांनी बनवलंय म्हणून डोळे मिटून ‘हो’ म्हणणं बरोबर नाही, आणि कारखान्याचं नाही म्हणून नाक मुरडणंही बरोबर नाही.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून तयार झालेला पदार्थ. मग तो मुंबईच्या कारखान्यात शिजलेला असो की देवळीच्या एखाद्या ओसरीवर. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटपणाला. हातावरचा मळ सुटतो आणि त्याला चिकटलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. करोनासारख्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, ते साबणाने फाटतं. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटा विषाणूला असं आवरण नसतं. तिथे चोळणं आणि भरपूर पाण्याने धुणं हेच कामाला येतं. यातलं काहीही ब्रँडवर ठरत नाही.

२००५ साली प्रसिद्ध झालेला कराचीचा अभ्यास या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. गरीब वस्त्यांमधल्या काही घरांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक घातलेला. हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाबही जवळपास तितकेच घटले. दोन साबणांत मात्र फरक आढळला नाही. २०११ च्या लंडनमधल्या प्रयोगात हात न धुणाऱ्यांच्या ४४ टक्के नमुन्यांत विष्ठेतले जिवाणू सापडले, नुसत्या पाण्याने धुणाऱ्यांच्या २३ टक्के आणि साध्या साबणाने धुणाऱ्यांच्या ८ टक्के नमुन्यांत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसनसह १९ जंतुनाशक रसायनं घरगुती साबणांतून काढायला लावली. साध्या साबणापेक्षा ती सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. मग कडुनिंबाच्या वडीवरचा ‘जंतुनाशक’ हा शब्दही त्याच कसोटीला लागला पाहिजे. कडुनिंबात गुण आहेत, पण वीस सेकंदांत धुऊन टाकायच्या फेसात खरं काम साबणाचं असतं.

इथवर पारडं घरच्या साबणाकडे झुकतं. पण कराचीत वाटलेला साबण कारखान्याचा होता आणि प्रत्येक वडी सारखी होती. घरच्या साबणाची खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

एक किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढ्याच निंबोळी तेलाला १४० ग्रॅमच्या आत भागतं. खोबरेलचं माप निंबोळी तेलाला लावलं, तर चाळीसेक ग्रॅम सोडा मोकळाच राहतो आणि वडीतून थेट हातावर येतो. फेस छान येतो, वास छान येतो, हात मात्र चुरचुरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर बाईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी आधीच ओरखडे पडलेले असतात. असा साबण तिने दोनदा लावला की तिसऱ्यांदा ती पाण्यावरच भागवते. म्हणजे जंतू घालवण्यात तो साबण कमी पडला नाही, पण हात धुण्याची सवय त्याने मोडली. भेगाळलेल्या कातडीत जंतूंना जागाही जास्त मिळते. म्हणून ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, पीएच तपासायची कागदी पट्टी आणि वड्या चार ते सहा आठवडे सुकू देण्याचा धीर, या तीन गोष्टी नसतील तिथे कॉस्टिकचा साबण करू नये. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, आणि पोरंबाळं त्या वेळी जवळ नकोत. आयता सोप बेस वितळवून वड्या पाडणाऱ्या गटांना हा धोका जवळजवळ नाही. त्यांनी तसं वेष्टनावर लिहावं, त्यात कमीपणा नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर घरचा काय, कुठलाही खरा साबण कमी फेसतो, तेव्हा थोडं जास्त चोळावं लागतं. राखेबद्दल अनेक जण विचारतात. काहीच नसताना राख घ्यावी, पण तिच्या परिणामाचा पुरावा अजून कच्चा आहे. साबण घरात असताना राखेकडे जायचं कारण नाही.

घरच्या साबणाचा हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे मगनवाडीत सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्या जोडीला साबणही शिकवला गेला. खाण्यात न येणाऱ्या तेलांना गावातच काम मिळावं, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो आजही बरोबर आहे. पण ग्रामोद्योग म्हणजे अंदाजपंचे उद्योग, असं तिथे कुणी शिकवलं नाही. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, देवळीपासून वीसेक किलोमीटरवर. देवळी तालुक्यातल्या गटांनी मापाचं प्रशिक्षण तिथे मागावं, आणि पंचायत समितीने त्यासाठी पुढाकार घ्यावा.

शेवटी पैशाचाही विचार आहेच. दुकानात दहा रुपयांना छोटी वडी मिळते, हाताने केलेली बहुतेक वेळा महाग पडते. ज्या घरात महाग वडी पाहुण्यांसाठी कपाटात राहते, तिथे दहा रुपयांची मोरीवर ठेवलेली वडीच चांगली. दवाखान्याच्या शस्त्रक्रिया विभागाचा विषय वेगळा, तिथे घरच्या साबणाला जागा नाही. घरात, अंगणवाडीत, शाळेत पोषण आहाराच्या आधी मात्र तो पूर्ण चालतो, वडी नीट सुकलेली आणि मापात केलेली असेल तर. शाळांनी गटांकडून साबण घ्यायला हरकत नाही. विकायचा तर परवाना लागतोच, तो आहे का ते पाहावं, प्रत्येक घाण्यातली एक वडी पट्टीने तपासून घ्यावी, आणि वेष्टनावर ‘जंतुनाशक’ ऐवजी तेलाचं नाव, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्या गटाचा पत्ता छापायला सांगावा.