कोझुमेल : व्यापाऱ्यांच्या बेटावरचे चार तास

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आईवडील हल्ली मायामी वा टेक्सासच्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझचाही बेत आखतात. पश्चिम कॅरिबियन समुद्रातील अशा अनेक सफरींत मेक्सिकोचे कोझुमेल हे बेट एका दिवसाचा मुक्काम असते. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि सायंकाळी सुटते. मधल्या वेळात बहुतेक प्रवासी धक्क्याजवळच्या जवाहिऱ्यांच्या दुकानांतून फिरतात किंवा समुद्रकिनारा गाठतात. बेटाच्या अंतर्भागात, दाट झुडपी रानात, सान हेर्वासिओ नावाचे एका जुन्या माया नगराचे अवशेष आहेत. तेथवर जाणारे थोडे. व्यापाराची परंपरा सांगणाऱ्या कुटुंबांनी मात्र हे स्थळ चुकवू नये.

चिचेन इत्सासारखी भव्य वास्तू पाहायची म्हणून जे कोझुमेलला उतरतात, त्यांचा दिवस धावपळीत सरतो. आधी बोटीने मुख्य भूमी गाठायची, मग जाताना आणि येताना रस्त्याने कित्येक तास घालवायचे. एवढे करून पिरॅमिडसमोर उभे राहण्यास जेमतेम दोन तास मिळतात. सान हेर्वासिओ मात्र बेटावरच आहे. धक्क्यापासून टॅक्सीने सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. तेथे आकाशाला भिडणारा पिरॅमिड नाही. चुनखडीच्या दगडांचे ओटे, गुडघ्याइतके वा पुरुषभर उंचीचे अवशेष, छप्पर उडालेली छोटी देवळे आणि त्यांवर ऊन खात पसरलेले इग्वाना सरडे, एवढेच प्रथमदर्शनी दिसते. म्हणूनच येथे येण्यापूर्वी या दगडांमागचा इतिहास ठाऊक असणे आवश्यक ठरते.

इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात येथे वस्ती झाली. तिची खरी भरभराट मात्र साधारण 1200 नंतर, म्हणजे आतील प्रदेशातील जुनी राजनगरे ओस पडल्यानंतरच्या काळात झाली. त्या काळी युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने लांबलचक होड्यांतून मोठा व्यापार चाले. मीठ, मध, मेण आणि सुती कापड एका दिशेने जाई. कोको, ऑब्सिडियन हा काचेसारखा धारदार दगड, जेड आणि तांब्याच्या वस्तू दुसऱ्या दिशेने येत. कोझुमेल हे या जलमार्गावरील महत्त्वाचे ठाणे होते. 1502 मध्ये आपल्या चौथ्या सफरीवर असलेल्या कोलंबसाला होंडुरासजवळ अशीच एक मालाने भरलेली मोठी होडी भेटली. कोकोच्या बिया हे चलन होते, आणि त्यांची मोजणी विसाच्या पटीत होई : 20, 400, 8,000. शून्याची कल्पना स्वतंत्रपणे गवसलेल्या मोजक्या समाजांत माया लोकांची गणना होते.

1972 आणि 1973 मध्ये जेरेमी सॅब्लॉफ व विल्यम रॅथ्जे या पुरातत्त्वज्ञांनी या बेटाचा पद्धतशीर अभ्यास केला. येथील इमारती राजनगरांच्या तुलनेत साध्या आणि घाईने बांधल्यासारख्या आहेत. त्यामुळे पूर्वीचे अभ्यासक या काळास अवनतीचा काळ म्हणत. या दोघांनी तोच पुरावा वेगळ्या रीतीने वाचला. ज्यांवर घरांच्या खुणा नाहीत असे दगडी ओटे त्यांना आढळले. ते माल साठवण्याच्या वखारींचे असावेत, असे त्यांनी मांडले. सत्ता राजांकडून व्यापारी वर्गाकडे सरकली होती आणि त्या वर्गाने आपले धन उत्तुंग स्मारकांत गुंतवण्याऐवजी व्यवहारात खेळते ठेवले, असा त्यांचा निष्कर्ष होता. या मताविषयी चर्चा झाली, तरी त्यातून एक गोष्ट पक्की लक्षात राहते. राजा आपल्या मागे पिरॅमिड ठेवतो, तर व्यापारी आपल्या मागे रिकामा ओटा ठेवतो. ओट्यावरून किती माल आला आणि गेला, किती कुटुंबे त्यावर जगली, हे दगड सांगत नाही.

या व्यापाऱ्यांच्या रीतीविषयी स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे. हे लोक उधारीने माल देत, कर्ज देत आणि सौजन्याने व व्याज न घेता परतफेड होई, असे तो नोंदवतो. प्रवासी व्यापारी रात्रीच्या मुक्कामी लहान दगड मांडून त्यांवर धूप ठेवीत आणि एक चुआह या आपल्या देवतेकडे घरी सुखरूप परतण्याची प्रार्थना करीत, असेही तो सांगतो. ही नोंद करणाऱ्या लांदानेच 1562 मध्ये मानी या गावी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज संपूर्ण जगात अशा केवळ चार पोथ्या उरल्या आहेत. वह्या-चोपड्या जपणाऱ्या घरांना या हानीचे मोल वेगळे सांगायला नको.

कोझुमेल हे तीर्थही होते. प्रसूती, औषधी आणि विणकाम यांची देवता इश चेल हिचे स्थान येथे होते. मुख्य भूमीवरील पोले या बंदरातून, म्हणजे आजच्या श्कारेतपासून, यात्रेकरू होड्यांनी सामुद्रधुनी ओलांडत. त्यांत मूल व्हावे म्हणून आलेल्या आणि प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून आलेल्या स्त्रियाही असत. या बेटाचे माहात्म्य लांदाने ख्रिस्ती लोकांच्या जेरुसलेम आणि रोमच्या यात्रेशी तोलले आहे. यात्रा आणि व्यापार यांचे हे साहचर्य भारतीय वाचकास अपरिचित वाटणार नाही.

हे लक्षात ठेवून फिरले म्हणजे अवशेष बोलके होतात. ‘लास मानितास’ या छोट्या वास्तूच्या भिंतीवर लाल रंगाचे हाताचे ठसे होते. आता ते बरेच पुसट झाले आहेत. मधल्या चौकाभोवती ओट्यांची रांग आहे. तेथून ‘साकबे’ म्हणजे पांढरा रस्ता निघतो. चुनखडीने बांधलेल्या या वाटेवर एक दगडी कमान उभी आहे. यात्रेकरूंचा नगरप्रवेश येथूनच होई. कमानीजवळ ‘नोहोच नाह’ हे बऱ्यापैकी टिकलेले लहान देऊळ आहे. त्याहून दूर, झाडीत, ‘काना नाह’ म्हणजे उंच घर लागते. इश चेलचे मंदिर म्हणून हेच दाखवले जाते. अवशेषांवर चढू नये. वाट सपाट असल्याने वडीलधाऱ्यांनाही सावकाश चालत दोन तासांत सर्व पाहता येते.

या नगराचा शेवट फार लवकर झाला. 1518 मध्ये हुआन दे ग्रिहाल्वा बेटावर उतरला. 1519 मध्ये हेर्नान कोर्तेस आला. त्याने देवळातील मूर्ती फोडवल्या आणि तेथे क्रूस व मेरीची प्रतिमा उभी केली. पुढच्याच वर्षी नार्व्हाएसच्या जहाजांबरोबर देवीची साथ आली. तलवारीने जे घडले नाही, ते या रोगाने केले. पन्नास वर्षांच्या आत हजारोंच्या वस्तीतून अवघी काही शे माणसे उरली आणि पुढे बेट जवळजवळ ओस पडले. ज्या व्यापारमार्गाने समृद्धी आली, त्याच समुद्रातून विनाशही आला. आजचे सान मिगेल हे गाव 1848 च्या सुमारास मुख्य भूमीवरील युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांनी वसवले.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी एक हिशेब मात्र चोख ठेवावा. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीस उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. जहाजावरील वेळ आणि बेटावरील वेळ यांत कधीकधी एका तासाचा फरक असतो. म्हणून घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे आणि सुटण्याच्या किमान दोन तास आधी धक्क्यावर परतण्याचा बेत करावा. टॅक्सीचे भाडे जाणे, थांबणे आणि येणे असे एकत्र ठरवून घ्यावे व परतल्यावरच द्यावे. प्रवेशशुल्कासाठी रोख पेसो जवळ असावेत. पाणी, टोपी आणि डासांपासून बचावाचे मलम न्यावे. सकाळी लवकर निघाल्यास ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. शाकाहारी मंडळींनी घरचा कोरडा फराळ जहाजावरच खावा आणि खाली शहाळे वा मक्याची साधी तोर्तिया घ्यावी. घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी वापरण्याची तिकडे पद्धत आहे, हे ठाऊक असावे. भारतीय पारपत्रधारकांनी अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा बहुप्रवेश व्हिसा हाती असल्याची खात्री सफर ठरवण्यापूर्वीच करावी.

माया लोक नाहीसे झाले, असे सहलीच्या माहितीपत्रकांतून अनेकदा सुचवले जाते. ते खरे नाही. युकातान प्रदेशात सात लाखांहून अधिक लोक आजही माया भाषा बोलतात. आपल्याला अवशेषांपर्यंत नेणारा टॅक्सीचालक किंवा प्रवेशद्वारावर शहाळे विकणारी स्त्री त्यांपैकी असू शकते. चौकातील रिकाम्या ओट्यांवर क्षणभर टेकणाऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी दोन शब्द अवश्य बोलावेत. त्या वखारीतला माल संपला. ज्यांनी तो वाहिला त्यांची नातवंडे आजही त्याच भाषेत बाजारहाट करीत आहेत.