एकच पिन, पण वायर कुठली?

मैत्रिणींनो, जुन्या वायरींचा गुंता नाही असं एक तरी घर दाखवा! नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, मग ती चपटी मायक्रो आणि आता टाइप-सी. टाकवत नाहीत आणि कशाची कोणती तेही आठवत नाही. वर ऐकून घ्यायचं आपणच, 'तुला नाही त्यातलं कळत, हात लावू नकोस!' मला विचाराल तर इथे न कळण्याचा दोष बाईचा कमी आणि बनवणाऱ्यांचा जास्त आहे.

आठवा जरा. २००१ मध्ये 'एमएससीआयटी' सुरू झाली आणि आपल्या औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात), तालुक्याच्या गावांतही क्लास निघाले. कित्येकींनी लग्नानंतर, मुलं शाळेत गेल्यावर कॉम्प्युटर शिकला. पण सीपीयूच्या मागे डोकवायचं म्हणजे छातीत धडधड! प्रिंटरला पंचवीस भोकांचं लांबलचक सॉकेट, मॉनिटरला पंधरा पिनांचं, ते वर स्क्रूने आवळायचं. कीबोर्ड आणि माऊस दोघांनाही सारखीच गोल, सहा पिनांची खाच. अदलाबदल झाली की दोन्ही मुके. मग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या कॉम्प्युटरांसाठी नियमावली काढली, तीत रंग ठरवून दिले. कीबोर्ड जांभळा, माऊस हिरवा, मॉनिटर निळा. किती साधी गोष्ट! पण जांभळ्यात जांभळं लावायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

खरी सोय केली ती यूएसबीने. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते अजय भट्ट आपल्या शेजारच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत इंटेलमध्ये होते. मुलीच्या शाळेचं काम छापायचं होतं आणि प्रिंटर जोडताना बायकोची दमछाक झाली, तिथून आपल्याला हे सुचलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. बघा, घरातल्या बाईची अडचण कुणीतरी अडचण म्हणून ऐकली! 'तुला कळत नाही' म्हणून सोडून दिली नाही.

तरी पहिली यूएसबी पिन एकाच बाजूने जायची. आपण उलटी लावायची, मग सुलटी, मग पुन्हा उलटी. दोन्ही बाजूंनी जाणारी केली असती तर तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता, म्हणून तेव्हा तसं केलं नाही, असं भट्ट सांगतात. ती कसर २०१४ मध्ये टाइप-सीने भरून काढली. युरोपने कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना बोलावून एकाच पिनेवर चर्चा केली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचं मानक जाहीर केलं.

छान झालं. पण अहो, नवा घोळ इथेच आहे! आता पिन एक झाली, पोटातली वायर मात्र एक नाही. एक केबल ६० वॉटपर्यंतच वीज नेते, दुसरी २४० वॉटपर्यंत. त्या दुसरीत एक छोटी चिप असते. एकीतून सिनेमा क्षणात कॉपी होतो, दुसरीतून वाट बघत बसायचं. स्वस्तातल्या काही वायरींत तर फोटो-फाइली नेणाऱ्या ताराच नसतात, नुसतं चार्जिंग. बाहेरून सगळ्या जुळ्या बहिणी! गिझरचा मोठ्या पिनांचा प्लग छोट्या सॉकेटात शिरतच नाही, त्याची जाडीच आपल्याला सांगते. टाइप-सीने ती खूणच पुसून टाकली.

यूएसबीच्या संघटनेने २०२१ मध्ये केबलवर ६० वॉट, २४० वॉट असा शिक्का ठरवला, पण तो तपासून घेतलेल्या केबलींपुरता. माझं म्हणणं, ज्या केबलवर वॉट आणि वेग छापलेला नाही ती विकूच देऊ नये. साडीवर कापड लिहितात, तेलाच्या पुड्यावर वजन लिहितात, मग दोनशे रुपयांच्या वायरीवर दोन आकडे छापायला काय हरकत? रंगाचा पट्टा दिला तर आणखीच बरं. जांभळा-हिरवा जमला होताच की.

तोवर मोबाइलच्या दुकानात वायर घ्यायला गेलात तर विचारा, किती वॉटची? फोटो जातात का? बिल देणार ना? 'सगळ्याला चालते, मॅडम' एवढंच उत्तर आलं तर सरळ पुढच्या दुकानात जा.