मोटारीचा साज आणि ग्राहकाचा हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला आणि मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने मोटार आणखी थोडी जवळ आली. शिरूर व दौंड या तालुक्यांत मोटारीची नवलाई आता उरलेली नाही. रांजणगाव-सणसवाडीची कारखानदारी, कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दौंडचे रेल्वे जंक्शन आणि भीमा-घोडच्या काठचा ऊस यांतून जे उत्पन्न निर्माण झाले, त्याचा एक हिस्सा चार चाकांवर खर्च होतो. रांजणगावात तर मोटारी तयारच होतात. परंतु मोटार दारात येताच तिला साज चढविण्याची घाई सुरू होते. सीट कव्हर, जादा दिवे, मोठा हॉर्न, संगीताची यंत्रणा, मागचा कॅमेरा, सेंट्रल लॉक, पुढचा लोखंडी गार्ड, क्वचित गॅस किटही. ही कामे बहुधा महामार्गालगतच्या लहान दुकानांत दोन-चार तासांत उरकली जातात. काम बिघडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र बिघाड झाल्यावरच सुचतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. आजची मोटार म्हणजे चाकांवरचे विद्युत्-यंत्र आहे. मूळ वायर कापून तिला दुसरी पिळली, सांध्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, फ्यूज न घालता जादा वॅटचे दिवे जोडले, तर वायर तापते, बॅटरी उतरते आणि प्रसंगी गाडी पेट घेते. काही मोटारींत बाजूची एअरबॅग आसनातच बसविलेली असते; तिचा विचार न करता शिवलेले कव्हर ऐन अपघातात तिच्या उघडण्याला अडथळा आणू शकते. म्हणजे दोन हजार रुपयांच्या वस्तूने आठ लाखांच्या वाहनाला, आणि आत बसलेल्या माणसांनाही, धोका निर्माण होतो. वस्तूची किंमत आणि हानीची शक्यता यांतील ही विषमता हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

अर्थशास्त्राला ही परिस्थिती अपरिचित नाही. विक्रेत्यास मालाचा दर्जा ठाऊक असतो व गिऱ्हाइकास नसतो, तेव्हा वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो, असे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. पुढे १९७३ साली डर्बी आणि कार्नी यांनी आणखी एक वर्ग दाखविला : ज्यांचा दर्जा वापरानंतरही ग्राहकास नीट समजत नाही, अशा वस्तू व सेवा. मोटारीची दुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण. डॅशबोर्डमागे काय जोडले, हे मालक कधीच पाहत नाही. तेव्हा नीट काम करणारा फिटर जास्त दर सांगतो आणि गिऱ्हाईक गमावतो. ओढाताण करून काम उरकणारा टिकतो. ‘ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत’ हा जुना उपदेश येथे निरुपयोगी ठरतो, कारण डोळे उघडे ठेवूनही दिसण्यासारखे काही नसते.

म्हणूनच कायद्याची गरज पडते. गाडी फिटरच्या स्वाधीन केली की १८७२ च्या करार कायद्यानुसार ती त्याच्याकडे निक्षेप म्हणून असते, आणि सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी तिची घेणे त्याला बंधनकारक आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्याने या तत्त्वाला सामान्य माणसाच्या आवाक्यातील दरबार मिळवून दिला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला असून तो पुष्कळ पुढे गेला आहे. सदोष सेवेमुळे इजा वा नुकसान झाल्यास सेवा देणाऱ्यावरही उत्पादन-दायित्व येते. आवश्यक माहिती जाणूनबुजून दडविणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

माहिती दडविण्याच्या तरतुदीला या धंद्यात विशेष अर्थ आहे. काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मनाई केली. लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाची शिक्षा वाहनमालकास होते : प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विकणारा नफा घेऊन मोकळा आणि घेणारा दंडास पात्र, असा हा व्यवहार आहे. वस्तू कायद्यात बसत नाही, गॅस किटची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते, विमा कंपनीस कळवावे लागते, हे सांगणे दुकानदाराचे कर्तव्य होय. अर्थात जाणूनबुजून बेकायदा वस्तू मागणाऱ्यास ग्राहक म्हणून सहानुभूती मिळण्याचे कारण नाही.

आणखी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, भाड्याने गाडी चालविणारा ग्राहकच नव्हे. या दोन्ही तालुक्यांत कामगारांची ने-आण करणारे, स्वतःच गाडी हाकणारे असंख्य तरुण आहेत. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू वा सेवा व्यापारी हेतूची नव्हे, असे कायदाच सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तेच तत्त्व स्पष्ट केले. दुसरा गैरसमज वॉरंटीचा. बाहेर एक दिवा बसविला म्हणून इंजिनाचीही वॉरंटी गेली, असे उत्तर ऐकून मालक निमूटपणे परततो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीला मनाई केली होती. बाहेरील सदोष कामामुळे जेवढी हानी झाली, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे त्याने म्हटले. त्या आदेशाविरुद्ध अपिले झाली, हे खरे. तथापि तत्त्व न्याय्य आहे आणि तक्रारदाराने ते अवश्य मांडावे.

शोरूममध्येच काम करून घेतले तर सगळे निर्धास्त, असेही नाही. गोव्यातील एका ग्राहकास २००९ ची गाडी २०११ साली नवी म्हणून विकली गेली. तेव्हा विक्रेत्याच्या कृत्याबद्दल निर्माता कंपनीस आपोआप जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तात्पर्य, काम ज्याने केले त्याचे नाव कागदावर असले पाहिजे.

आणि येथेच गाडे अडते. ‘बिल हवे तर अठरा टक्के जास्त’ हे वाक्य ऐकताच आपण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो. दहा हजारांच्या कामावर अठराशे रुपये वाचले, असे वाटते. वस्तुतः आपण अठराशे रुपयांना आपला पुरावा विकलेला असतो. शिवाय नोंदणी नसलेल्या लहान दुकानदारास हा कर घेण्याचा अधिकारच नाही, आणि साधी सही-शिक्क्याची पावती देण्यापासून त्याला कोणी अडविलेले नाही. पावती नसेल तर मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, संदेश, कामाआधीची व नंतरची छायाचित्रे उपयोगी पडतात. परंतु त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा सांगितले आहे. म्हणून बिघाड दिसताच गाडी दुसऱ्याकडून उघडण्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेचा लेखी अहवाल घ्यावा आणि फिटरला लेखी नोटीस द्यावी.

कायदा उदार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारशुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. शिरूरला घोडनदी आणि दौंडला भीमा ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. तरी पलीकडच्या दुकानाविरुद्धची तक्रार आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. परंतु जिल्हा आयोग पुण्यात. आठ हजारांच्या नुकसानीसाठी एवढ्या लांबच्या खेपा घालणारा कारकून वा शिक्षक प्रत्येक खेपेला एक रजा आणि दिवसाची कमाई गमावतो. न्यायाचा खर्च मागणीहून मोठा झाला की शहाणा माणूस गप्प बसतो, आणि त्याचे मौन हेच निष्काळजी फिटरला मिळालेले अनुदान ठरते. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाली काढण्याचे कायद्याचे उद्दिष्टही तारखांच्या ओझ्याखाली दबून जाते.

यावर उपाय आहेत. एका जिल्ह्यात एकाहून अधिक आयोग नेमण्याची मुभा कायद्याने राज्य सरकारला दिली आहे; पूर्व पुणे जिल्ह्यासाठी तिचा विचार व्हावा. तोवर ऑनलाइन तक्रार आणि दूरदृश्य सुनावणी यांसाठी तहसील कार्यालयात मदतीचा एक मेज ठेवणे फार खर्चाचे नाही. लहान रकमांचे वाद तालुका न्यायालयातील लोकअदालतीत, दावा दाखल होण्यापूर्वीही, विनाशुल्क मिटू शकतात. फिटरलाही केवळ आरोपी मानून चालणार नाही. जुन्या जीपवर हात बसलेल्या कारागिरास नव्या गाडीचे वायरिंग कोणी शिकविलेच नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्यासाठी सायंकाळचे छोटे वर्ग घ्यावेत आणि शिकलेल्याने ते प्रमाणपत्र दुकानात लावावे. चांगल्या कामाची खूण दिसू लागली, म्हणजे चांगल्या कामास दरही मिळू लागेल.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच पुण्यात सुरू केली. तिचा भर केवळ तक्रारीवर नव्हता, संघटित ग्राहकाच्या शिस्तीवर होता. ती शिस्त शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत अगदी साध्या गोष्टीपासून सुरू होऊ शकते : काम सांगण्यापूर्वी दर, हमी आणि पावती या तीन गोष्टी मागणे. शंभर गिऱ्हाइकांनी त्या मागितल्या, तर एकशे एकाव्यास आयोगाची पायरी चढावी लागण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.