जिल्ह्याहून लहान देशाचा फोर्लान

2011च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या 46 लाखांच्या वर गेली. तेव्हा अख्ख्या उरुग्वेत 35 लाखही माणसं नव्हती. त्या देशाचा फुटबॉलपटू दिएगो फोर्लान 2016 साली मुंबई सिटी क्लबकडून खेळायला आला, तेव्हा आमच्या नागपुरातल्या सदर भागातल्या चहाटपरीवर एकच शेरा ऐकू आला: म्हातारपणीची पुंजी जमवायला आलाय! वय 37, म्हणजे शेरा अगदीच वावगा नव्हता. पण या गड्याचं सगळंच उशिराचं.

वडील पाब्लो दोन विश्वचषकांत उरुग्वेच्या संघात, आजोबा देशाच्या संघाचे प्रशिक्षक. पोराचा जीव मात्र टेनिसमध्ये. 1991मध्ये बहीण अलेहांद्राला मोटार अपघातात कायमचं अपंगत्व आलं. उपचारांचा खर्च पेलायचा म्हणून त्यानं फुटबॉल धरला.

2002च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडनं घेतलं, तर पहिला गोल व्हायला 27 सामने लागले, तोही पेनल्टीवर. इंग्लंडमध्ये यथेच्छ टर उडाली. मग स्पेनला गेला आणि 2004-05 मध्ये व्हिलारिआलसाठी लीगमध्ये 25 गोल ठोकले. पुढे अॅटलेटिको माद्रिदकडून एका मोसमात 32.

2010च्या विश्वचषकात ‘जाबुलानी’ नावाचा चेंडू होता. हवेत मध्येच दिशा बदलायचा, गोलरक्षक रडकुंडीला आले होते. फोर्लाननं तो आधीच मिळवून सराव केला होता. घानाविरुद्धची त्याची फ्री किक पुन्हा बघा, चेंडू हवेतच गोलरक्षकाला चकवतो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध उरुग्वे 2-3 मागे, अगदी शेवटची फ्री किक, आणि चेंडू आडव्या खांबावर! उरुग्वे चौथा आला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू फोर्लानच ठरला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता.

आता मुंबई. 19 नोव्हेंबर 2016. नोटाबंदीला जेमतेम दीड आठवडा झालेला, सगळा महाराष्ट्र एटीएमच्या रांगेत. अंधेरीत समोर केरला ब्लास्टर्स, ज्याच्या मालकांत तेव्हा आपला सचिन होता. मराठी माणसानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? फोर्लाननं तीन गोल करून प्रश्न निकालात काढला. मुंबई 5-0नं जिंकली, आणि साखळीत पहिलीही आली.

आणि उपांत्य फेरीत याच माणसानं कोलकात्यात लाल कार्ड घेतलं. विश्वचषक गाजवलेल्या खेळाडूनं दुसरं पिवळं कार्ड ओढवून घ्यावं, याचा राग मला अजून आहे. परतीच्या सामन्यात तो नाही, गोलही नाही, मुंबई बाहेर.

2019मध्ये त्यानं फुटबॉल सोडला आणि रॅकेट पुन्हा हातात घेतली. नोव्हेंबर 2024मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी, माँटेव्हिडिओच्या चॅलेंजर स्पर्धेत अर्जेंटिनाच्या फेडेरिको कोरियाबरोबर दुहेरीत उतरला. 1-6, 2-6 असा सपाटून हरला. पण उतरला तो थेट व्यावसायिकांच्या स्पर्धेत, माजी खेळाडूंच्या हौशी सामन्यात नव्हे.