जहाजावरचा इंजिनियर

बारावीचे निकाल लागले की हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून दरवर्षी एक प्रश्न आमच्याकडे येतो. मुलाला गणितात व पदार्थविज्ञानात गुण चांगले आहेत. त्याला मर्चंट नेव्हीत इंजिनियर म्हणून पाठवावे काय? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात, पगाराचा आकडा आणि पाण्याची भीती. आमच्या मते एवढ्यावर निर्णय घेऊ नये. या व्यवसायाचे मोल कशात आहे आणि त्याची किंमत घरातील कोणाकोणाला मोजावी लागते, हे आधी जाणून घ्यावे.

आपण घाटमाथ्यावरची माणसे. कारवारचा किनारा येथून दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक. मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करीत घाट उतरते. समुद्राशी आपली ओळख एवढीच. यंत्राशी मात्र नाते जुने आहे. सदर्न मराठा रेल्वेच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, हुबळीत जे वर्कशॉप उभे राहिले, त्याने येथील कित्येक घरांना पिढ्यान् पिढ्या अन्न दिले. जहाजाचा इंजिनियर हा त्या कारागिरांचाच भाऊबंद होय, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवसायाचे निम्मे गूढ उकलते.

या क्षेत्रात आपल्या लोकांनी मान मिळवला तो सहजासहजी नव्हे. आर्देशीर कर्सेटजी वाडिया हे १८४१ साली मुंबईच्या कंपनी सरकारच्या वाफयंत्र कारखान्यात मुख्य अभियंता झाले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. परंतु असा मान अपवादानेच मिळे. एरवी गोऱ्यांच्या बोटींवर आपल्या माणसांच्या वाट्याला सारंग, टंडेल, खलाशी व आगवाले यांचीच कामे येत. अधिकाऱ्यांच्या जागा परक्यांच्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ या शिक्षणजहाजावर भारतीय मुलांना अधिकारीपदाचे शिक्षण मिळू लागले आणि १९४९ साली इंजिनियरांसाठी कोलकाता व मुंबई येथे स्वतंत्र सरकारी व्यवस्था झाली. कोलकात्याच्या त्याच संस्थेतून १९९९ साली सोनाली बॅनर्जी या देशातील पहिल्या महिला सागरी अभियंता म्हणून बाहेर पडल्या. तेव्हा आमचे हे लिहिणे मुलींच्या पालकांसाठीही आहे.

आता प्रत्यक्ष काम पाहू. मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन तीन-चार मजली घराएवढे उंच असते. ते मिनिटाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमीच फेरे घेते, पण त्याचा दांडा सरळ पंख्याला जोडलेला असून हजारो टनांचा भार तो ओढतो. त्याचे जड तेल डांबरासारखे दाट. ते शुद्ध करून, शंभर अंशांहून अधिक तापवून मगच इंजिनात सोडावे लागते. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करतात. वीज जहाजावरच निर्माण होते. पंप, बॉयलर, शीतगृह, सांडपाणी हे सारे इंजिनियरांकडेच. थोडक्यात, ते एक तरंगते गाव असून त्याचे वीजमंडळ, पाणीपुरवठा व कारखाना चार-पाच माणसांच्या हाती असतो. भर समुद्रात काही बिघडले तर मिस्त्रीला निरोप धाडता येत नाही. इंजिन-रूमचा पारा उष्ण प्रदेशात चाळिशीच्या पुढे असतो आणि तेथे अधिकाऱ्यालाही पाना हाती घ्यावा लागतो. नव्या जहाजांवर रात्री इंजिन-रूममध्ये कोणी बसत नाही; पण धोक्याची घंटा पाळीच्या इंजिनियराच्या केबिनमध्ये वाजते आणि त्याला तत्क्षणी खाली धावावे लागते. ज्या मुलास घरातील बंद पडलेला मिक्सर उघडून पाहण्याची खुमखुमी नाही, त्याला केवळ गुणांच्या बळावर इकडे ढकलू नये.

या व्यवसायातील खरी मालमत्ता म्हणजे सक्षमतेचा परवाना, पदवी नव्हे. बारावीला भौतिक, रसायन व गणित मिळून साठ टक्के आणि दहावी किंवा बारावीस इंग्रजीत पन्नास टक्के गुण असले, नजर व रंगज्ञान नीट असले, तर २००८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेला बसता येते. चार वर्षांचा अभ्यासक्रम झाल्यावर सहा महिने जहाजावर उमेदवारी करावी लागते व त्यानंतर चौथ्या वर्गाच्या परवान्याची परीक्षा. पुढे समुद्रावर ठरावीक काळ काढून दुसरा वर्ग, मग पहिला. तेव्हा कोठे मनुष्य चीफ इंजिनियर होतो. दुसरी वाट आहे ती येथल्याच एखाद्या महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनियर होऊन मग एक वर्षाचा सागरी अभ्यासक्रम करण्याची. मुलाचे मन दोलायमान असेल तर आम्ही हीच वाट सुचवतो, कारण समुद्र मानवला नाही तरी जमिनीवरची पदवी हाती राहते.

उमेदवारीचे ते सहा महिने हीच खरी खिंड आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी शेत गहाण टाकून मुलास एका खासगी संस्थेत घातले. अभ्यासक्रम पुरा झाला, पण जहाज मिळेना. मुलाने दोन वर्षे मुंबईत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका दलालाने जागा देतो म्हणून पैसे घेतले व तो नाहीसा झाला. आज तो मुलगा एका कारखान्यात बॉयलरवर आहे. पदवी भिंतीवर आहे, परवाना नाही. कर्ज मात्र अजून फिटते आहे. म्हणून प्रवेश घेण्याआधीच, शिक्षणानंतर जहाज कोणती कंपनी देणार, हे लेखी विचारावे. संस्थेस मान्यता आहे काय आणि नोकरी देणाऱ्या एजंटाकडे परवाना आहे काय, हे मुंबईच्या नौवहन महानिदेशालयाच्या यादीत पाहावे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार, जो भारताने २०१५ साली स्वीकारला, नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून दलाली घेता येत नाही. पासपोर्ट, नाविकाचे पुस्तक व वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा आपला. जो जागेसाठी पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

राहिली किंमत. नवशिक्यांचे करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि पुष्कळ करारांत घरी बसल्या दिवसांचा वेगळा पगार नसतो. तेव्हा महिन्याचा आकडा बाराने गुणू नये. त्या महिन्यांत वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, बाळाचे बारसे यांपैकी काहीही येऊ शकते. २०२० च्या साथीत बंदरे बंद झाली, तेव्हा त्या वर्षाअखेर सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले व तिघे नाविक प्राणास मुकले. असे प्रसंग विरळा, हे खरे. रोजची किंमत वेगळीच असते. मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध, घरपट्टी आणि पाहुणेरावळे हे सारे जी एकटी निभावते, तिच्या श्रमाचा उल्लेख पगारपत्रकात नसतो. मुलाचा होकार घेतलात, तसा त्याच्या आईचाही घ्यावा. आणि पुढे लग्न ठरवताना मुलीला हे सारे स्पष्ट सांगावे.

एवढे जाणूनही ज्याची पावले तिकडे वळतात, त्याला आम्ही अडवणार नाही. जगभर चालणारे, स्वतःच्या परीक्षेने मिळवलेले प्रमाणपत्र खिशात असणे ही थोडी गोष्ट नव्हे. तेथे अभ्यासही संपत नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलातील गंधकाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली, आणि आता मिथेनॉल व अमोनियावर चालणारी इंजिने येत आहेत. पालकांनी पगाराचा आकडा शेवटी विचारावा. आधी मुलाचे हात, मग घराची तयारी आणि मग कागदपत्रे पाहावीत. या क्रमाने गेलेल्या घरावर, आमच्या पाहण्यात तरी, पस्तावण्याची पाळी सहसा आलेली नाही.