हवाईच्या फुलांना आधी कुंपण हवे

अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मूळ सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे ९० टक्के जगात इतरत्र कुठेच उगवत नाहीत. १७७८ मध्ये कॅप्टन कुकने तिथे शेळ्या सोडल्या. पुढे रानटी झालेल्या शेळ्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले, कारण चरणारे सस्तन प्राणी कधीच न पाहिलेल्या त्या झाडांना त्यांच्यापासून स्वसंरक्षण ठाऊकच नव्हते. हालेआकाला ज्वालामुखीवरचे ‘सिल्व्हरस्वोर्ड’ पाहा. चंदेरी लव असलेल्या पानांचा हा गुच्छ कित्येक दशके वाढतो, आयुष्यात एकदाच माणसाएवढा तुरा काढतो आणि मरतो. त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत. जवळपास दुसरे झाड फुललेले नसेल, तर बी धरतच नाही. म्हणूनच चार नमुने बागेत जपून भागत नाही, अख्खा डोंगर राखावा लागतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने कुंपण घालून शेळ्या हटवल्या, तेव्हा ही झाडे पुन्हा वाढली.

प्रजाती नष्ट होणे निसर्गक्रमच आहे, मग एवढा खर्च कशाला, असे विचारले जाते. पण लाखो वर्षांत घडलेले माणसाने आणलेल्या जनावरांनी दोन शतकांत संपवावे, यात निसर्गक्रम कुठला? वाढत्या उष्म्यापुढे कुंपण अपुरे पडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. कोरड्या हवेने तिथली रोपे पुन्हा मरू लागली आहेत. तरी कुंपण काढले तर उरलेलीही शेळ्याच खातील. कासच्या पठारावर फुले पाहायला येणाऱ्या गर्दीचे नियोजन करताना आपणही, एकदा गमावलेले परत मिळत नाही, हा हिशेब आधी मांडायला हवा.